मागचा खण

जुन्या हुबळीत सिद्धारूढ मठाच्या वाटेवर ज्याचं बालपण गेलं, त्याला प्रवासाला निघालेली माणसं पाहण्याची सवय आपोआप लागते. शिवरात्रीच्या रथोत्सवाला खेड्यापाड्यांतून माणसं यायची, ती डोक्यावर गाठोडं घेऊन. कन्नडमध्ये त्याला 'गंटु' म्हणतात. त्या गंट्यात काय असतं, हे आम्हा पोरांना पाठ होतं. चार-आठ कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी, एक धोतर किंवा इलकल आणि अंथरायला-पांघरायला एकच घोंगडी. मठात दोन वेळा प्रसाद मिळायचा, पाणी तळ्याचं. जास्त सामान आणून ठेवायचं तरी कुठे?

आमच्या घरातल्या गाठोड्याचं नाव मात्र वेगळं होतं. ती पडशी.

आम्ही नामदेव शिंपी. अप्पा घरच्या पुढच्या सोप्यात मशीन टाकून शिवणकाम करत. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांना मान वर करायला सवड नसे. गिऱ्हाइकांची पोरं दारात बसून असत, रात्री बत्तीच्या उजेडात काजं-बटणं चालत. दिवाळीचा पाडवा झाला, की मशीनवर झाकण पडायचं ते कार्तिकी एकादशी होईपर्यंत. आषाढी मोठी खरी. पण आषाढात पेरण्या, शाळांचे गणवेश, पाऊस. शिंप्याला सोयीची वारी कार्तिकीची. हा हिशेब अप्पा अगदी उघडपणे सांगत. देवाला त्याचं काही वाटत नसावं. ज्या शिंप्याची पायरी त्याने आपल्या महाद्वारात ठेवून घेतली, त्याच्या जातभाईंची दिवाळीची घाई त्याला माहीत असणारच.

ज्यांनी पडशी पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. जाड मांजरपाटाची लांब पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना दोन पिशव्या. मधला भाग खांद्यावर टाकायचा, एक पिशवी पुढे छातीवर, दुसरी मागे पाठीवर. या पिशव्यांना अप्पा 'खण' म्हणत. पुढचा खण आणि मागचा खण. पुढच्या खणात आपलं, मागच्या खणात लोकांचं, हा त्यांचा नियम.

पुढच्या खणात एक धोतर, एक सदरा, पंचा, टाळ, गोपीचंदनाची पुडी, छोटा तांब्या, चार दिवसांच्या भाकरी आणि कारळ्याची चटणी. सुई-दोरा टोपीतच खोचलेला असे. बस्स. आई म्हणायची, "अजून एक सदरा घेऊन जा की. घामानं भिजला तर?" अप्पा म्हणायचे, "चंद्रभागेत पाणी कमी आहे काय? धुवेन."

मागचा खण रिकामा असायचा, पण तो फार वेळ रिकामा राहत नसे. अप्पा निघणार ही बातमी गल्लीत पसरली, की आदल्या दिवशी माणसं येऊ लागत. कुणी सव्वा रुपया आणायचा, कुणी फुलवातींची जुडी, कुणी रुक्मिणीच्या ओटीसाठी खण. मराठी घरं आमच्या गल्लीत थोडी. लिंगायत, कुरुब, रंगारी, पटवेकरी सगळे कन्नड बोलणारे. पण विठ्ठलाच्या बाबतीत भाषेची अडचण कधी आली नाही. त्यांचा तो पुरंदरदासांचा विठ्ठल, आमचा तो नामदेवांचा. येताना त्याच खणातून तुळशीच्या माळा, बुक्का, कुंकू, लाह्या-बत्तासे यायचे आणि अप्पा घरोघर जाऊन ते वाटायचे. कुणाचं काय होतं हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही, आणि चुकवलंही नाही.

पडशीची एक गंमत आहे. तिचे दोन्ही खण सारखे जड असावे लागतात. पुढचा जास्त भरला तर पडशी खांद्यावरून पुढे घसरते, सारखा हात लावून ती सावरावी लागते. म्हणजे लोकांनी तुमच्यावर जेवढं सोपवलं असेल, तेवढंच तुम्ही स्वतःचं न्यावं, असा तिचा कायदा. लहानपणी मला हे केवळ शिवणकामातलं गणित वाटायचं.

त्या काळी हुबळीहून पंढरपूर म्हणजे दोन रुळांचा प्रवास. हुबळी, धारवाड, अळणावर, लोंढा, बेळगाव, घटप्रभा, कुडची करत मिरजेपर्यंत मीटरगेज. मिरजेला उतरून छोट्या गाडीत बसायचं. पुण्याकडची लाइन १९७१ साली ब्रॉडगेज झाली, त्यामुळे तेव्हा मिरज स्टेशनात तीन मापांचे रूळ एकत्र पाहायला मिळत. छोटी गाडी बार्शी लाइट रेल्वेची. एव्हरार्ड कालथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ती उभी केली. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी, १९०६ मध्ये पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज. कंपनी १९५४ मध्ये सरकारजमा झाली तरी लोकांच्या तोंडी नाव 'बार्शी लाइट'च राहिलं. रूळ जेमतेम अडीच फुटांचा. हलक्या रुळावरून जड माल नेता यावा म्हणून कालथ्रॉपने एक युक्ती केली होती. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. ओझं सगळ्या चाकांवर सारखं वाटायचं. हे मी फार उशिरा वाचलं, आणि वाचताना मला अप्पांची पडशी आठवली.

१९७४ साली दिवाळीच्या तोंडावर अप्पा मशीनच्या ओट्यावरून उतरताना पडले आणि त्यांचा घोटा मोडला. वारी चुकवायची नाही, म्हणून त्यांच्याऐवजी मी जायचं ठरलं. मी बावीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला. पहिल्या पगारातून एक सूटकेस घेतली होती. तपकिरी, दोन कुलुपांची. अमेरिकेत १९७२ साली कुणीतरी सूटकेसला चाकं लावून पेटंट मिळवलं होतं म्हणे, पण ती बातमी जुन्या हुबळीपर्यंत पोचायला पुढे वीस वर्षं लागली. माझी सूटकेस हातानेच उचलावी लागे, आणि रिकामी असतानाही ती जड होती.

अप्पांनी खुंटीवरची पडशी काढून माझ्यासमोर ठेवली. मी म्हणालो, "अप्पा, गाडीत ऑफिसची माणसं भेटली तर? खांद्यावर ही घेऊन कसं जायचं?"

ते काही बोलले नाहीत. पडशी परत खुंटीला गेली.

मी सूटकेस भरली. चार शर्ट, दोन पँटी, स्वेटर, टॉवेल, बुटांची दुसरी जोडी, ट्रान्झिस्टर, वाचायला एक जाडजूड कादंबरी. गाडीत भाकरी खायला लाज वाटेल म्हणून बिस्किटांचे पुडे. अंगठ्याने दाबून दाबून कुलुपं लावली. तेवढ्यात शेजारच्या अज्जी आल्या.

अज्जी लिंगायत, एकट्या. भाकरी थापून विकत आणि त्यावर घर चालवत. आम्हा भावंडांना त्यांनी मांडीवर घेतलं होतं. आमचं कन्नड शाळेतलं कमी आणि अज्जींकडून शिकलेलं जास्त. त्यांनी पदराखालून गुळेदगुड्डचा हिरवा खण काढला, वर सव्वा रुपया आणि एक तांब्याची गडवी. खण रुक्मिणीच्या ओटीत घालायचा आणि गडवीतून चंद्रभागेचं पाणी आणायचं. अप्पांकडे त्यांनी कधी मोठं काम दिलं नव्हतं, फुलवाती तेवढ्या द्यायच्या. या वेळी खण, तोही बाजारातला सगळ्यांत चांगला. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

सूटकेसमध्ये जागा नव्हती. पुन्हा उघडली तर बंद होईल याची खात्री नव्हती. मी त्यांचं सामान एका वेगळ्या कापडी पिशवीत ठेवलं. निघताना अज्जी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हगूर होगि बा."

या शब्दाला आम्ही मराठी पोरं लहानपणी तोंड दाबून हसत असू. कारण उघड आहे. पण आमच्या भागातल्या कन्नडमध्ये हगूर म्हणजे हलकं आणि हगूर म्हणजेच सावकाश, जपून. अज्जी मला जपून जाऊन ये म्हणत होत्या. मी एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात बिस्किटांची थैली आणि मनगटाला अज्जींची पिशवी अडकवून निघालो.

मिरजेला गाडी उशिरा पोचली. छोटी गाडी सुटायच्या बेतात. फलाट बदलण्यासाठी सगळा लोंढा धावत सुटला. खांद्यावर पडशी टाकलेले म्हातारे माझ्या बाजूने टाळ वाजल्यासारखे खुळखुळत पुढे निघून गेले, हात मोकळे, एका हाताने म्हातारीचा दंड धरलेला. मी दर वीस पावलांना सूटकेस खाली ठेवून हात बदलत होतो. असाच एकदा एका बाकावर सगळं ठेवलं, घाम पुसला, शिट्टी झाली आणि जे हाताला लागलं ते उचलून पळालो. डब्यात कुणीतरी मला आत ओढलं, कुणीतरी सूटकेस ओढली आणि ती ठेवायला जागा नाही म्हणून चार जणांनी मला मनसोक्त बोलून घेतलं. आरग, कवठे महांकाळ गेलं. जत रोडच्या सुमारास मनगटाकडे लक्ष गेलं. पिशवी बाकावर राहिली होती.

पंढरपुरात मी तीन दिवस होतो आणि तिन्ही दिवस सूटकेस सांभाळली, यापलीकडे फारसं सांगण्यासारखं नाही. एका वाड्याच्या ओसरीवर जागा मिळाली. आजूबाजूची माणसं पडशी उशाला घेऊन झोपत, पहाटे ती तशीच खांद्यावर टाकून नदीवर जात. मला आंघोळीला जायचं तर सूटकेस कुणाच्या तरी हवाली करावी लागे. वाळवंटात कीर्तन रंगलेलं असायचं आणि मी अर्ध्यातून उठून यायचो. दर्शनाच्या रांगेतही डोक्यात तेच, कुलुपं नीट लावली होती ना? पांडुरंगाच्या पुढ्यात उभं राहायला मला क्षणभरच मिळाला आणि तोही मी ओसरीवर घालवला.

आता खरी गोष्ट. पंढरपुरात खणांच्या दुकानांना तोटा नाही. रुक्मिणीच्या देवळाकडे जाताना हारीने दुकानं आहेत. खिशात पैसे होते. एक हिरवा खण घ्यायचा, नारळ घ्यायचा आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं, एवढंच काम होतं. मी दुकानासमोर उभा राहिलो, हे मला आजही आठवतं. पण रांग लांब होती, परतीची गाडी दुपारची होती, सूटकेस परक्याच्या भरवशावर होती. कुणाला कळणार आहे, असं मनात आलं. मी वळलो. चंद्रभागेचं पाणी तेवढं एका बाटलीत भरून घेतलं.

घरी आलो तेव्हा अज्जी वाटच बघत होत्या. गडवी गर्दीत हरवली म्हटलं. "इर्ली बिडु," त्या म्हणाल्या. असू दे, जाऊ दे. मग त्यांनी विचारलं, "उडी तुंबिदि एनप्पा?" ओटी भरलीस ना रे?

मी हो म्हणालो.

तिने कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हिरवं. अज्जींचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे बघावं लागलं. आपला खण देवीच्या लुगड्याला जुळला, हे त्या चार दिवस गल्लीभर सांगत होत्या. प्रत्येक जण मला येऊन विचारायचा आणि प्रत्येक वेळी मी तेच सांगायचो. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मला त्या लुगड्याचे काठही दिसायला लागले.

अप्पा पाय उंच ठेवून माचावर पडलेले असत. ते सगळं ऐकत. एकदाच त्यांनी कोपऱ्यातल्या सूटकेसकडे पाहून विचारलं, "एवढं सगळं घेऊन गेलास. त्यात लोकांचं काय होतं?" मी काही बोललो नाही आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

अज्जी पुढच्या श्रावणात गेल्या. त्या वर्षीच्या कार्तिकीला अप्पांचा पाय सावरला होता. निघायच्या आदल्या दिवशी ते बाजारात जाऊन आले, गुळेदगुड्डचा हिरवा खण घेऊन. मागच्या खणात सगळ्यांत आधी तो ठेवला. आईने विचारलं, कुणाचा? ते म्हणाले, "उधारी आहे एक." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांना कसं कळलं, हे मला ठाऊक नाही. कदाचित ओटी भरून आलेल्या माणसाच्या हाती प्रसादाचं जे कुंकू असतं, ते माझ्या हाती नव्हतं. त्यांनी आयुष्यभर लोकांसाठी आणलं होतं, त्यांना ते न विचारता दिसलं असणार.

अप्पा जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. नव्वदीच्या दशकात मीटरगेज गेली, पुढे पंढरपूरची छोटी गाडीही गेली आणि तिथे मोठा रूळ आला. आमच्या हुबळी स्टेशनला २०२० मध्ये सिद्धारूढ स्वामींचं नाव मिळालं आणि मार्च २०२३ मध्ये तिथे १,५०७ मीटरचा फलाट खुला झाला, जगातला सर्वांत लांब. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूटकेसची चाकं गडगडत असतात. ओझं उचलावं लागत नाही म्हणून माणसं अधिकच घेऊन निघतात, असं मला वाटतं. म्हातारपणाची तक्रार म्हणून सोडून द्या.

गेल्या वर्षी माझी नात शिकायला जर्मनीला गेली. तिच्या तिकिटावर तेवीस किलोची एकच बॅग. आठ दिवस घरात हुकाचा काटा फिरत होता. बॅग अडकवायची, आकडा वाचायचा, काहीतरी काढायचं, दुसरं काहीतरी घालायचं. जायच्या आदल्या संध्याकाळी शेजारची सून आली. शेजारची म्हणजे अज्जींच्या भावाच्या नातवाची बायको. ते घर आता त्यांचं. तिचा मावसभाऊ नातीच्या गावापासून तासाभरावर राहतो. त्याच्यासाठी तिने शेंगाचटणी आणि धारवाडी पेढ्यांचा एक डबा आणला होता. नातीने गोड बोलून सांगितलं, की वहिनी, बावीस किलो आठशे ग्रॅम झालेत, जागाच नाही. ती बिचारी "इर्ली बिडु" म्हणाली आणि डबा घेऊन परत गेली.

तेच दोन शब्द, पन्नास वर्षांनी, त्याच उंबऱ्यावर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. नात विचारायला आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. खण, बाक, दुकान, हिरवं लुगडं. बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. उपदेश केला नाही. मला तो अधिकार नव्हता.

सकाळी पाहिलं तर तिच्या पलंगावर केस वाळवायचं यंत्र आणि बुटांची एक जोडी पडली होती, आणि ती शेजारच्या दारात उभी राहून डबा मागत होती. गाडीत बसताना मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्यांना सांगायला पाहिजे."

"अज्जी आता कुठे आहेत?"

"त्यांच्या घरात माणसं आहेत ना."

वर्ष गेलं. शेजारच्या मुलाशी रोज दोन वाक्यं होतात, पण हे काही तोंडातून निघालं नाही. तो कन्नड शाळेत शिकला. मराठी बोलतो छान, वाचत नाही. त्याची बायको मात्र बेळगावकडची. आमच्याकडे येणारे दिवाळी अंक ती दरवर्षी मागून नेते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. हा अंकही नेईल. मला समोर बसून जे सांगता आलं नाही, ते तिच्या हाती असं पोचेल. मग ती ते कन्नडमध्ये घरात सांगेल, की नाही सांगणार, हे तिने ठरवायचं.

दिवाळी झाली की दहा-अकरा दिवसांनी कार्तिकी. यंदा मी जाणार आहे. अप्पांची पडशी खुंटीवरून काढून धुतली, मधली शिवण उसवली होती ती घातली. शिंप्याचा मुलगा असून टाके वाकडे आले. पुढच्या खणात एक धोतर, एक सदरा, पंचा आणि या वयात लागणाऱ्या गोळ्या. मागचा खण अजून रिकामा आहे. शेजारच्या घरून काही आलं तर घेऊन जाईन.